पिवळ्या डिव्हच्या वर पांढरी पट्टी कुठून आली?

प्रश्न : ताई, आईच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी एक वेबपेज बनवतोय. वर निळा हेडर, त्याला चिकटून पिवळ्या बॅकग्राउंडचा डिव्ह (पेजवरचा चौकोनी डबा) आणि त्यात पहिलंच हेडिंग 'यंदाचा फराळ'. हेडिंगला वरून 40 पिक्सेल मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिलं तर हेडिंग आतल्या आत खाली सरकायचं सोडून अख्खा पिवळा डिव्हच खाली येतो, मधे पांढरी पट्टी दिसते. खाली चकली, चिवडा, करंजीची कार्डं आहेत, प्रत्येकाला वर 20 खाली 30 दिलंय तरी मधे 30च येतं, 50 का नाही? दोन रात्री गेल्या यात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, तुझा कोड बरोबर आहे, आणि तुझे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, मार्जिन कोलॅप्स, म्हणजे एकमेकांना लागलेली वरची-खालची मार्जिनं मिसळून एकच होणं. आधी कार्डांचं बघू, ते सोपं आहे. एकाखाली एक ब्लॉक असले की वरच्याचं खालचं मार्जिन आणि खालच्याचं वरचं मार्जिन यांची बेरीज होत नाही, जे मोठं ते राहतं. शेजारच्या दोन शेतांमधे बांध एकच असतो ना, तसं. पेजचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस, तिच्या 1996 च्या पहिल्या आवृत्तीपासून हे आहे आणि त्यामागे कारण आहे, ब्राउझर प्रत्येक पॅराग्राफला वर 1 एम (अक्षराच्या आकाराएवढं माप) आणि खाली 1 एम देतो, बेरीज झाली असती तर दोन पॅराग्राफमधे दुप्पट भगदाड पडलं असतं. म्हणून मला हा नियम लिखाणासाठी आवडतो, तो सगळीकडून उखडून टाकू नकोस.

आता पांढरी पट्टी. पिवळ्या डिव्हच्या वरच्या कडेत आणि हेडिंगच्या मार्जिनमधे काहीच नाहीये, बॉर्डर नाही, पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) नाही, मजकूर नाही, मग ब्राउझर डिव्हचं 0 आणि हेडिंगचं 40 एकत्र धरतो आणि ते 40 डिव्हच्या बाहेर पडतं. विश्वास बसत नसेल तर एफ-बारा दाबून डेव्हटूल्समधे (ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत) हेडिंगवर माउस ने, नारंगी पट्टा पिवळ्या रंगाच्या बाहेर, वरती दिसेल. आणि मग त्या डिव्हला 1 पिक्सेल लाल बॉर्डर देऊन बघ, पांढरी पट्टी त्याच क्षणी गायब आणि 40 पिक्सेल आत. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा स्वतः करावाच, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

बॉर्डर काही कायम ठेवायची नाही. तुझ्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे डिव्हलाच 40 पॅडिंग दे आणि हेडिंगचं वरचं मार्जिन 0 कर, कारण रंगाच्या आतली जागा हे पॅडिंगचंच काम आहे. आत काय येणार हे माहीतच नसेल, म्हणजे कधी हेडिंग कधी फोटो, तर डिव्हला 'डिस्प्ले : फ्लो-रूट' दे, आतल्या मुलांची, म्हणजे त्यात ठेवलेल्या घटकांची, मार्जिनं मग वरून-खालून कुठूनच बाहेर पडत नाहीत. क्रोम आणि फायरफॉक्समधे हे 2017 पासून आहे, सफारीत 2019 पासून, बिनधास्त वापर. जुन्या कोडमधे यासाठी 'ओव्हरफ्लो : हिडन' दिसेल, ते चालतं पण कार्डाची सावली आणि खाली उघडणारा मेन्यू कापला जातो, आणि नंतर तो का कापला गेला हे शोधण्यात परत एक रात्र जाते.

एक मात्र नीट लक्षात ठेव, इथे भले भले फसतात. फ्लो-रूट प्रत्येक कार्डाला दिलं तरी दोन कार्डांमधलं अंतर 30च राहणार, कारण ते फक्त आतल्या मुलांना अडवतं, शेजाऱ्याबरोबरचं कोलॅप्स तसंच चालू राहतं. तिथे कार्डांच्या बाहेरच्या डिव्हला ग्रिड किंवा उभा फ्लेक्स (आतले घटक मांडायच्या सीएसएसच्या पद्धती) कर, कार्डांचं वरचं-खालचं मार्जिन काढून टाक आणि 'गॅप', म्हणजे दोन कार्डांमधली जागा, 50 दे. मार्जिन आधी काढ हं, फ्लेक्स आणि ग्रिडमधे ती कोलॅप्स होत नाहीत, त्यामुळे गॅपमधे त्यांची भर पडून अंतर 100 होईल.

प्रश्न : अंतरासाठी रिकामा डिव्ह टाकला, वर 25 खाली 25 दिलं, तरी 25च जागा मिळते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पूर्ण रिकाम्या बॉक्सची स्वतःचीच दोन मार्जिनं एकमेकांत मिसळतात. सीएसएस ठरवणाऱ्या गटाने आपल्याच चुकांची एक यादी केलीये, त्यात हे आहे, एकाच बॉक्सचं वरचं-खालचं मार्जिन आपोआप एकत्र होऊ द्यायलाच नको होतं असं ते स्वतः म्हणतात. तुम्ही तो रिकामा डिव्ह काढून टाका आणि वरच्या सेक्शनला खालून 50 मार्जिन द्या, खालच्याचं वरचं 0 करा. सगळ्या पेजवर अंतर असं एकाच दिशेने, खालूनच, द्यायची सवय लावलीत तर सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावरही कुठलं अंतर कोणामुळे आलंय ते लगेच सापडतं.