चुकीचा आर्ग्युमेंट आला तर फंक्शनने शून्य परत करावा का?

प्रश्न थोडक्यात असा: मुद्दल, दर आणि दिवस ही आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या किमती) घेऊन व्याज काढणारं फंक्शन तुम्ही लिहिलंय. दर किंवा दिवस उणे आले तर तुम्ही म्हणता एक्सेप्शन थ्रो करू, म्हणजे फंक्शन तिथेच थांबवून चूक कॉल करणाऱ्या कोडकडे पाठवू. सीनियर म्हणतात, शून्य परत करा, प्रोग्राम बंद पडता कामा नये.

माझं मत तुमच्या बाजूने आहे. शून्य व्याज हे खरं उत्तरही असू शकतं: ठेव ठेवली त्याच दिवशी मोडली, व्याज शून्य. मग हा शून्य खरा की चुकीच्या दरामुळे आलेला, हे कॉल करणाऱ्या कोडने ओळखायचं कसं?

मी काही वर्षं दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा पाया धरून दरपत्रक असतं आणि पॉइंटप्रमाणे दर कमी-जास्त होतो. आमच्या दराच्या फंक्शनमध्ये लिहून ठेवलं होतं की फॅट तक्त्याच्या खाली गेली तर तक्त्यातली सगळ्यात कमी धरायची, वर गेली तर सगळ्यात जास्त. एका केंद्रावर मशीनची वायर ढिली होती, मधूनच फॅट ०.० यायची. फंक्शन मुकाट्याने सगळ्यात खालचा दर लावायचं, आणि पावतीवरही ती तक्त्यातली फॅटच छापली जायची. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा एक आजी पावत्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. म्हणाल्या, "गाय तीच, पेंड तीच, मग सकाळचीच फॅट का लागंना?" लॉगमध्ये एक ओळ नव्हती. कारण सापडायला दोन दिवस गेले, तेही त्यांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून. ज्यांनी पावत्या फेकल्या त्यांचे पैसे गेले ते गेलेच. ते मला अजून लागतं.

नंतर आम्ही फंक्शनमधून एक्सेप्शन थ्रो केलं, आणि संकलनाच्या स्क्रीनने ते पकडून "फॅट ०.० आली, नमुना पुन्हा लावा" असं दाखवायला सुरुवात केली. रांग थांबली नाही, प्रोग्रामही बंद पडला नाही. सीनियरना हे दाखवा. एक्सेप्शन थ्रो करणं म्हणजे प्रोग्राम पाडणं नव्हे. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्यापर्यंत चूक पोचवायची, एवढंच.

आणि तो पकडणारा कोण, हे ठरवल्याशिवाय नुसतं थ्रो करूनही भागत नाही. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. एरियान ४ मधून आणलेल्या कोडमध्ये ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात भरली जात होती, आणि नव्या रॉकेटच्या वेगामुळे ती ३२७६७ च्या, म्हणजे तिथे मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येच्या, पुढे गेली. एक्सेप्शन आलं. पण त्यावर करायचं काय, तर दिशादर्शक यंत्रणाच बंद करायची, असं ठरलेलं होतं. राखीव यंत्रणेत तोच कोड. ती आधीच बंद पडली होती. यंत्रणेने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. वाईट वाटतं ते हे, की उड्डाणानंतर त्या गणिताची एरियान ५ ला गरजच नव्हती.

आमच्या दुधाच्या फंक्शनसारखं किंमत मर्यादेवर आणून बसवणं कायम चूक असतं असं नाही. जावा ८ च्या तारखांमध्ये ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की फेब्रुवारीची शेवटची तारीख मिळते. तसं लिहून ठेवलेलं आहे, आणि माणूसही तेच करेल. पण तीच लायब्ररी ३० फेब्रुवारी ही तारीख बनवायला सांगितली तर एक्सेप्शन देते. जावाचा जुना तारीख-पार्सर (मजकुरातून तारीख वाचणारा कोड) मात्र ३० फेब्रुवारी २०२३ निमूट २ मार्च करून द्यायचा.

चूक कळवायला उणे एक परत करण्याचा मार्गही टाळा. पायथनमध्ये स्ट्रिंगचं 'फाइंड' अक्षर सापडलं नाही तर -१ देतं. तो न तपासता इंडेक्स म्हणून वापरला की शेवटचं अक्षर हातात येतं, तक्रार काहीच नाही. तपासणीसाठी 'असर्ट'वरही (अट खोटी ठरली तर प्रोग्राम अडवणारी ओळ) विसंबू नका. पायथन -O (मोठा ओ) पर्यायाने चालवलं की सगळे असर्ट गळून पडतात.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. "दर < ० किंवा दर > १०० असेल तर थ्रो" असं लिहिलं आणि दर 'नॅन' ('नॉट अ नंबर', म्हणजे संख्याच नसलेली किंमत) आला, तर दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि नॅन आरामात आत शिरतो. म्हणून उलटं लिहा: "दर >= ० आणि दर <= १०० हे खरं नसेल तर थ्रो." एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये आर्ग्युमेंटचं नाव, आलेली किंमत आणि चालणारी मर्यादा तिन्ही टाका. "अवैध इनपुट" एवढंच वाचून रात्री दोन वाजता कुणाला काय कळणार?

तुमच्या फंक्शनमध्ये खरी भीती मला उणे दराची वाटत नाही. कुणीतरी १२ ऐवजी ०.१२ पाठवेल, मर्यादेच्या तपासणीत तो पास होईल आणि खातेदाराला शंभरावा हिस्सा व्याज मिळेल. तिथे जर-तर कामाचं नाही. दरासाठी वेगळा टाइप करा, आणि तो बनवायचे दोनच रस्ते ठेवा: 'टक्क्यांवरून' आणि 'अपूर्णांकावरून'. मग फंक्शनला नुसता आकडा पाठवताच येणार नाही, आणि कंपायलर असलेल्या भाषेत ही चूक तुमच्या मशीनवरच अडेल.