इशारा आला होता, आदेश आला नव्हता

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये मी लॉस एंजेलिसजवळ पासाडिना येथे मुलाकडे होते. वणव्याची ती रात्र आम्ही जागून काढली. आमच्या भागासाठी फोनवर इशारा आला होता, पण घर सोडण्याचा आदेश आला नव्हता. मला निघावेसे वाटत होते. मुलगा म्हणत होता, ‘आई, आदेश आला की निघू.’ वीज गेलेली, समोरचा डोंगर लाल झालेला, आणि पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन मी पहाटेपर्यंत सोफ्यावर बसून होते. घर वाचले. येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा जायचे आहे. मी उगाच घाबरले होते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. घर वाचले, याचा मलाही मनापासून आनंद आहे. परंतु घर वाचले म्हणून थांबण्याचा निर्णय बरोबर होता, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात इशारा आणि आदेश या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे. पण वृद्ध, आजारी माणसे, लहान मुले, पाळीव जनावरे, ज्यांना ज्यांना निघायला वेळ लागतो, त्यांनी इशारा मिळताच निघावे, असे तेथील यंत्रणाच सांगते. म्हणजे आपल्यापुरता इशारा हाच आदेश होता.

आदेशाची वाट पाहणे किती महागात पडू शकते, हे त्याच रात्री आपल्या शेजारच्या अल्टाडीनात दिसले. ईटन नावाने ओळखला जाणारा हा वणवा ७ जानेवारीला संध्याकाळी सहानंतर लागला. तेथील लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेकडील वस्तीला घर सोडण्याचा आदेश मिळाला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, पहाटे तीननंतर, आणि या वणव्यात जे मृत्युमुखी पडले त्यांतील जवळजवळ सगळे त्याच पश्चिम भागातील होते. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. एका रात्रीत अनेक ठिकाणी आग, वाऱ्यामुळे विमाने व हेलिकॉप्टर जमिनीवर, धुराने भरलेला अंधार, अशा वेळी आदेश काढणाऱ्यांनाही आग नेमकी कोठे पोहोचली हे कळत नसते.

आपण खिडकीतून डोंगराकडे पाहत होता, आणि फसगत होते ती नेमकी तेथेच. वणवा म्हटले की डोंगरउतारावरून रांगेने सरकत येणारी ज्वाळांची ओळ आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ती अजून लांब आहे, असे पाहून माणूस निर्धास्त होतो. सांता आना, म्हणजे तेथे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या, जोरदार वाऱ्यात आग अशी येत नाही. निखारे वाऱ्यावर उडून एक-दीड किलोमीटर पुढे पडतात, पोटमाळ्याच्या जाळीतून आत शिरतात, पन्हाळीत साचलेल्या वाळक्या पानांत धुमसतात, आणि ज्वाळांची ओळ येण्याआधीच घर आतून पेट घेते.

ऑक्टोबरात हा वारा पुन्हा सुरू होण्याचे दिवस असतात, म्हणून पोहोचताच पहिल्या आठवड्यात मुलाबरोबर गॅरेजमध्ये जावे. दरवाजा विजेवर उघडतो. वीज गेली की तो हाताने उघडण्यासाठी वर एक दोरी लोंबत असते, बहुधा लाल मुठीची. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर दरवाजा न उघडल्यामुळे काही माणसे आत अडकली व दगावली, त्यानंतर तेथे नव्या दरवाजांना बॅटरी लावण्याचा कायदा झाला. ती दोरी आपण स्वतः ओढून पाहावी, दरवाजा आपल्याला उचलवतो का हेही पाहावे. नाही उचलवला, तर वाऱ्याचा इशारा आला त्या दिवशी गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभी असली पाहिजे. आपण गाडी चालवत नसाल, तर मुलगा-सून कामावर असताना आपल्याला कोणता शेजारी नेईल, हे त्या शेजाऱ्याच्या समोर बसून ठरवावे. पासपोर्टची पिशवी आपण बरोबर सांभाळलीत. तिच्यात पंधरा दिवसांची औषधे आणि चष्म्याची दुसरी जोडी टाकावी.

राहिला मुलगा. त्याच्याशी आत्ताच, आग नसताना बोलावे. ‘मी घाबरते’ असे न म्हणता ‘इशारा आला की मला तुझ्या एखाद्या मित्राकडे सोडायचे, मग तुम्ही हवे तर थांबा’ असे सांगावे. बहुधा आईला सोडायला निघालेला मुलगा बायको-मुलांनाही बरोबर घेतोच.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपून वणवा विझवतो. मुलगी मेलबर्नजवळ डोंगराळ भागात राहते. पाइपाने पाणी मारत घरीच थांबणे तिला शक्य नाही का?
– एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या माळावरचे गवत गुडघाभर असते, म्हणून फांदी पुरते, तेथे तेलकट पानांचे उंच निलगिरीचे रान पेटते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्याच राज्यात, वणव्यांत १७३ माणसे गेली, त्यांतील ११३ घरांच्या आतच. तोवर तेथे ‘एकतर लवकर निघा, नाहीतर तयारीने थांबून घर राखा’ असा सल्ला दिला जाई. त्यानंतर लवकर निघण्यावरच भर आला. शिवाय ऐन वेळी वीज गेली की पंप बंद पडतो, आणि सगळी वस्ती नळ सोडून बसली की दाबही उरत नाही. आगीच्या धोक्याची सर्वांत वरची पातळी जाहीर झाली, तर तिने धूर दिसण्याची वाट न पाहता आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळीच निघावे, आणि संध्याकाळी कोठे उतरली ते आपल्याला फोन करून कळवावे.