फोनवरून टीव्हीवर सिनेमा: आधी डीकोड कोण करतंय ते बघा, मग कन्व्हर्ट करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कॉम्प्युटरवर १०८०पी आणि काही ४के सिनेमे एमकेव्ही फाइलींच्या रूपात आहेत. ते फोनमध्ये टाकून, फोन टीव्हीला जोडून घरच्यांबरोबर बघायचे आहेत. कन्व्हर्टरमधला मोबाइलसाठीचा तयार पर्याय वापरला तर टीव्हीवर चित्र फुटतं, दोन सिनेमांना आवाजच येत नाही, आणि एकेका फाइलीला तासन्‌तास लागतात. तुम्ही ‘योग्य सेटिंग’ विचारलंय. ते खाली देतोच, पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल. फाइल उलगडून तिचं चित्र करण्याचं काम, म्हणजे डीकोडिंग, तुमच्याकडे नेमकं कोण करणार आहे? फोन, टीव्ही, की टीव्हीला लावलेला डोंगल (क्रोमकास्टसारखं छोटं उपकरण)? जो डीकोड करणार त्याला जे चालतं तेच फाइलीत असायला हवं. फोनच्या पडद्याचा आकार इथे गौण आहे.

चित्र का फुटतं ते यातच आलं. मोबाइलचे जुने पर्याय हातातल्या छोट्या पडद्यासाठी बनवलेले असतात. ६४० बाय ३६० च्या चित्रात सुमारे २ लाख ३० हजार बिंदू असतात, १९२० बाय १०८० मध्ये २० लाख ७३ हजार. म्हणजे फुल एचडी टीव्हीला तुमच्या फाइलीतल्या एका बिंदूचे नऊ करावे लागतात, ४के टीव्हीला छत्तीस. अशा फाइलीवर टीव्हीचं कोणतंही ‘शार्पनेस’ सेटिंग उपयोगाचं नाही, कारण तपशील कन्व्हर्ट करतानाच फेकून दिलेला आहे. त्या फाइली सरळ पुसा आणि मूळ फाइलींकडे परत जा. कन्व्हर्ट केलेल्या फाइलीवरून पुन्हा कन्व्हर्ट करू नका, प्रत्येक वेळी दर्जा आणखी घसरतो.

आता जोडणीचं बघू. केबलने जोडलं तर फोन डीकोड करतो आणि टीव्ही नुसता पडदा असतो. चित्राच्या दृष्टीने हाच सगळ्यात चांगला मार्ग. पण यूएसबी-सी सॉकेट आहे म्हणून चित्र बाहेर येईलच असं नाही. त्या सॉकेटला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो, आणि बऱ्याच फोनांत, विशेषतः स्वस्त फोनांत, सॉकेट आतून फक्त यूएसबी २.० चं असतं. अशा फोनला कितीही महाग एचडीएमआय अॅडॉप्टर लावला तरी टीव्हीवर काहीच येत नाही. म्हणून अॅडॉप्टर घेण्याआधी फोनच्या तपशिलात हे नाव शोधा. मायक्रो यूएसबीच्या काळातल्या काही फोनांत हेच काम एमएचएल नावाची सोय करायची, तिथेही फोनमध्ये ती सोय असावीच लागायची. अॅडॉप्टर घेताना चार्जर लावायची जागा असलेला घ्या. पूर्ण सिनेमाभर फोन डीकोड करणार आणि वर अॅडॉप्टरलाही वीज देणार, बॅटरी झपाट्याने उतरते.

स्क्रीन मिररिंग, म्हणजे मिराकास्टसारखा प्रकार, मी सिनेमासाठी वापरू नका असंच सांगेन. त्यात फोन आधी फाइल डीकोड करतो, मग स्वतःचा पडदा त्याच क्षणी पुन्हा एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका प्रकारात, दाबून वायफायवरून पाठवतो. घाईघाईत केलेलं हे दुसरं एन्कोडिंग, म्हणजे दाबणं, तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. मूळ फाइल कितीही उत्तम असली तरी अंधाऱ्या प्रसंगांत चौकोन दिसतातच. फोटो दाखवायला ठीक आहे.

कास्टिंग वेगळं, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कास्ट करताना फोन फाइल नुसती पुरवतो, ती उलगडतो टीव्हीतला किंवा डोंगलमधला प्रोसेसर. म्हणून ‘फोनवर तर छान चालते’ याला काही अर्थ उरत नाही. २०१३ सालचा पहिला क्रोमकास्ट घ्या. तो एच.२६४ हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ पर्यंत (या त्या प्रकारातल्या ठरलेल्या पायऱ्या), १०८०पी सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत चालवतो आणि एच.२६५ हा त्यानंतरचा प्रकार त्याला अजिबात कळत नाही. समोरचं उपकरण जुनं असेल तर तुमची एच.२६५ फाइल तिथे चालणार नाही, मग फोन कितीही नवा असो. व्हीएलसी हा प्लेअर अशा वेळी फोनमध्येच फाइल चालता चालता कन्व्हर्ट करून पाठवू शकतो. पण फोन तापतो, चित्र अडखळतं, आणि तासभरात बॅटरीची वाट लागते. त्यापेक्षा एकदाच कॉम्प्युटरवर नीट फाइल बनवलेली बरी.

तुमच्या टीव्हीला यूएसबी सॉकेट असेल तर पेन ड्राइव्हवरून तीच फाइल टीव्ही स्वतः चालवतो का, हेही एकदा बघा. चालली तर फोन मध्ये आणायची गरजच नाही. फक्त ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा टीव्हीला वाचता येत असेल तर एक्सफॅट करा.

जोडणी ठरली की पुढची पायरी कन्व्हर्टरची नाही, मीडियाइन्फोची. हे छोटं मोफत सॉफ्टवेअर फाइलीत काय काय आहे ते सांगतं. एमकेव्ही किंवा एमपी४ हे फक्त वेष्टन. आत व्हिडिओचा एक प्रवाह, आवाजाचे एक-दोन आणि सबटायटल असे वेगवेगळे भाग असतात, आणि बहुतेक वेळा त्यातला एकच भाग अडतो. तुम्ही त्या एका भागासाठी सगळंच नव्याने दाबत बसलात, म्हणून तासन्‌तास लागले.

व्हिडिओच्या ओळीत ‘एव्हीसी, हाय, लेव्हल ४.१’ असं दिसलं (एव्हीसी म्हणजे एच.२६४ च) आणि बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक रंगाच्या छटांसाठीचे बिट, ८ असेल, तर व्हिडिओला हातही लावू नका. हा प्रकार जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही आणि डोंगल हार्डवेअरवर चालवतो. आता आवाजाची ओळ बघा. तिथे डीटीएस किंवा डॉल्बीचे ट्रूएचडी, एसी-३ यांपैकी काही लिहिलेलं असेल तर तुमच्या मुक्या सिनेमांचं कारण सापडलं. अँड्रॉइडमध्ये एएसी, एमपी३, ओपस, फ्लॅक या आवाजाच्या प्रकारांचे डीकोडर ठरलेले असतात. डॉल्बी आणि डीटीएसचे डीकोडर परवान्याचे असल्यामुळे फोन बनवणाऱ्याने घातले तरच मिळतात. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर बरोबर आणतो. म्हणून केबलने जोडणार असाल तर आधी मूळ फाइल फोनमधल्या व्हीएलसीत चालवून बघा. आवाज आला आणि चित्र अडखळलं नाही, तर त्या सिनेमाला काहीच करायचं नाही, काम झालं.

आवाजच बदलायचा असेल तर एव्हिडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, व्हिडिओला ‘कॉपी’ ठेवा, ऑडिओला एएसी निवडा, वेष्टन एमपी४ निवडा आणि सेव्ह करा. कमांड लिहायची सवय असेल तर एफएफएमपेग हेच करतं. व्हिडिओ जसाच्या तसा उचलला जात असल्याने काही मिनिटांत फाइल तयार होते आणि चित्राचा दर्जा तसूभरही बदलत नाही. हँडब्रेक हे मोफत कन्व्हर्टर मला मनापासून आवडतं, पण या कामासाठी ते नको: ते व्हिडिओ नुसता कॉपी करू शकत नाही, नेहमी नव्याने एन्कोड करतं.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली तक्रार तिथेच असते: संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की कान फाटतात. ५.१ च्या, म्हणजे सहा चॅनेलच्या, मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. सहा चॅनेल दोनांत मिसळताना तो मधला आवाज दबतो. टीव्हीच्या स्पीकरवरच ऐकणार असाल तर स्टीरिओ एएसी, १६० ते १९२ केबीपीएस ठेवा आणि गेन (आवाजाची पातळी) ३ डेसिबलच्या आसपास वाढवून ऐका. फार वाढवलात तर मोठे आवाज चिरकतात. साउंडबार किंवा होम थिएटर असेल तर पहिला ट्रॅक स्टीरिओ एएसी आणि दुसरा मूळ ५.१ एसी-३ जसाच्या तसा, असे दोन ठेवा. एसी-३ ची फाइलीतली जागा जास्तीत जास्त ६४० केबीपीएस, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला ६०० एमबीच्या आत. तेवढी द्यायला हरकत नाही.

पूर्ण कन्व्हर्शन खरंच लागतं ते तीन-चार प्रसंगांत. समोरच्या उपकरणाला एच.२६५ चालत नाही. किंवा व्हिडिओ एच.२६४ असूनही १० बिटचा आहे, तो बहुतेक हार्डवेअर डीकोडरना झेपत नाही. किंवा फाइल ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली आहे. ब्लू-रेच्या व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, ४० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. कास्ट करताना फोन आणि डोंगल दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो, फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून डोंगलकडे. २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत एवढा भार टिकत नाही. आणि चौथं कारण साधं, फोनमध्ये जागा नाही.

अशा वेळी हँडब्रेक काढा. तयार पर्यायांपैकी १०८०पी चा कुठलाही घ्या आणि मग हे बदला. एन्कोडर एक्स२६४ (हा एच.२६४ फाइल बनवतो). दर्जा ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ ठेवून आरएफ २०. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. साधारण ६ ने कमी केला की बिटरेट दुप्पट होतो. १८ च्या खाली जाण्यात टीव्हीपासून बसतो त्या अंतरावर फरक दिसत नाही, २३ च्या वर गेलं की धुकं, धूर आणि रात्रीचं आकाश यांत पट्टे दिसायला लागतात. ‘आकार इतकाच हवा’ म्हणून सरासरी बिटरेट ठरवून देणं मला पटत नाही. संथ संवादांच्या सिनेमाला तो उगाच जास्त पडतो आणि धावपळीच्या सिनेमाला अपुरा. अंदाजासाठी गणित सोपं आहे: ८ एमबीपीएसने दोन तासांचा, म्हणजे ७,२०० सेकंदांचा सिनेमा ७.२ जीबी होतो. तोच ४ जीबीच्या मर्यादेत बसवायचा तर आवाजासकट जेमतेम ४.७ एमबीपीएस मिळतात.

फ्रेम रेट ‘सेम अॅज सोर्स’ करा आणि कॉन्स्टंट ठेवा. सिनेमा सहसा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा असतो. तो ३० करायला गेलात तर कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र झटके खात सरकतं. रिझोल्यूशन मूळ १०८०पी असेल तर तेच ठेवा, ७२०पी च्या फाइलीला १०८०पी करून काही मिळत नाही. वरखालच्या काळ्या पट्ट्या हँडब्रेक आपोआप कापतं, चित्र १९२० बाय ८०० सारखं होतं आणि टीव्ही पट्ट्या पुन्हा स्वतः दाखवतो, तेव्हा काही बिघडलंय असं समजू नका. कास्ट करणार असाल तर ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ वर खूण करा. त्याने फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि सिनेमा लगेच सुरू होतो.

वेळ वाचवायला ग्राफिक्स चिपचा हार्डवेअर एन्कोडर वापरता येतो, एनव्हिडियाचा एनव्हेंक किंवा इंटेलचा क्विक सिंक. वेग कित्येक पट वाढतो, पण त्याच दर्जासाठी फाइल मोठी होते. एकदाच बघायच्या सिनेमाला मी तोच सुचवेन. जपून ठेवायच्या सिनेमाला एक्स२६४ रांगेत लावा आणि रात्रभर चालू द्या.

तुमच्या ४के फाइलींचं मात्र सांभाळून करा. त्या बहुधा १० बिट एच.२६५ आणि एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त मोठी कक्षा दाखवणाऱ्या) असतील. एचडीआर चित्र साध्या टीव्हीवर तसंच पाठवलं तर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. त्याला टोन मॅपिंग, म्हणजे ती कक्षा साध्या टीव्हीच्या मापात बसवणं, लागतं, आणि ते प्रत्येक सिनेमाला सारखं बसत नाही. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराच्या काही फाइलींत तर चेहरे हिरवे-जांभळे येतात. त्याच सिनेमाची साधी १०८०पी फाइल तुमच्याकडे असेल तर डोळे मिटून तीच घ्या.

सबटायटलही मीडियाइन्फोत बघून घ्या. ब्लू-रेवरची पीजीएस सबटायटलं ही चित्रं असतात, ती एमपी४ मध्ये जात नाहीत. ती हवीच असतील तर हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ करावी लागतात आणि मग बंद करता येत नाहीत. मजकुराची एसआरटी फाइल असेल तर उत्तम. देवनागरी असेल तर ती नोटपॅडमधून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर टीव्हीवर अक्षरांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

कुलूपबंद डिस्क किंवा स्ट्रीमिंग अॅपमधून डाउनलोड केलेले सिनेमे यात धरलेले नाहीत. त्या फाइली या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारच नाहीत, आणि कुलूप तोडणं अनेक देशांत कायद्याच्या विरुद्ध आहे.

पूर्ण सिनेमा लावण्याआधी हँडब्रेकमध्ये ‘सेकंद’ निवडून दोन मिनिटांचा तुकडा काढा. शीर्षकाचा भाग नको, अंधारातला, धावपळीचा आणि संवाद असलेला प्रसंग निवडा. तो फोनमध्ये टाकून टीव्हीवरच बघा, नेहमी बसता तिथून. तो पसंत पडला की बाकीचे त्याच सेटिंगवर रांगेत टाका.

आवाज नसलेले ते दोन सिनेमे आधी घ्या, ते एव्हिडेमक्सने आज संध्याकाळपर्यंत होतील. ४के फाइलींपैकी एकीचा मीडियाइन्फोचा मजकूर, फोनचं मॉडेल आणि केबल वापरणार की कास्ट, एवढं इथे लिहा. तिचं सेटिंग त्यावरून सांगतो.