वाचकांचे प्रश्न : पाचारण ओळखावे कसे?

प्रश्न : आदरणीय सिस्टर, माझे वय २६ असून मी एका कार्यालयात हिशेबनीस आहे. गेली दोन वर्षे धर्मभगिनी होण्याचा विचार मनात वारंवार येतो. मला कधी दर्शन झालेले नाही, आवाजही ऐकू आलेला नाही; प्रार्थनेत तर मन भरकटते. माझ्यासारख्या सामान्य मुलीला पाचारण, म्हणजे देवाची हाक, असू शकते का, की कामाचा कंटाळा आल्यामुळे मी स्वतःचीच समजूत घालत आहे? आईला हे अजून सांगितलेले नाही.

उत्तर : प्रिय भगिनी, प्रार्थनेत मन भरकटते ही अडचण आधी बाजूला ठेवू या, कारण व्रत घेऊन कित्येक वर्षे लोटलेल्या आम्हा भगिनींचेही मन भरकटते. सामान्य असण्याबद्दल म्हणाल, तर बायबलमधील संदेष्टा आमोस मेंढपाळ होता आणि उंबराच्या झाडांची निगा राखत असे. येशूचा शिष्य मत्तय याला हाक आली तेव्हा तो जकातनाक्यावर, म्हणजे तुमच्यासारखाच हिशेबाच्या कामात बसलेला होता.

तुमच्या पत्रावरून मला बायबलमधल्याच शमुवेलाची आठवण अधिक झाली. मंदिरात निजलेल्या त्या मुलाला रात्री तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो धावत याजक एलीकडे गेला, कारण ती एलीचीच हाक आहे असे त्याला वाटले. परमेश्वर बोलावत आहे हे उमगले ते दृष्टी मंदावलेल्या त्या वृद्ध याजकाला. ज्याला हाक येते त्याला ती एकट्याने ओळखता येतेच असे नाही, म्हणून तुम्ही पहिली गोष्ट ही करावी की एखादे अनुभवी धर्मगुरू किंवा धर्मभगिनी यांना आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून निवडून त्यांच्याशी नियमित बोलावे.

कंटाळ्याची तुमची शंका रास्त आहे आणि ती तपासून पाहता येते. १५२१ मध्ये स्पेनमधील पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून, पुढे संत झालेले सैनिक इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळले. त्यांना शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आले की दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवताना सुख वाटते खरे, पण नंतर मन कोरडे पडते. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र संपल्यावरही समाधान मागे ठेवून जातो. तुम्हीही काही महिने एवढेच पाहा, की वरिष्ठांनी कौतुक केलेल्या, मैत्रिणींबरोबर आनंदात गेलेल्या दिवशी रात्री हा विचार येतो का, आणि येऊन गेल्यावर मनात काय उरते. नुसत्या कंटाळ्यातून उपजलेला विचार चांगल्या दिवसांत बहुधा फिरकत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी नवदीक्षिता, म्हणजे व्रते घेण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात, असताना माझ्याकडे आजारी भगिनींची सेवा होती. त्यांतील एक वृद्ध भगिनी रोज सकाळी मला चष्मा पुसायला देत, पुसलेला चष्मा उजेडाकडे धरत आणि काचेच्या कोपऱ्यात राहिलेला डाग दाखवून तो परत करत. कित्येक आठवडे मला राग येत राहिला. एके दिवशी माझ्याच ध्यानात आले की मी आधी कोपरे पुसते आहे आणि त्या आज किती स्पष्ट पाहतील याचा विचार करते आहे. त्या संध्याकाळी मी आमच्या प्रशिक्षिकांना सांगितले की मला येथे राहायचे आहे. प्रार्थनागृहात तासन्‌तास गुडघे टेकूनही हे वाक्य तोपर्यंत माझ्या तोंडून निघाले नव्हते.

आज तुमच्याकडून कोणी खात्री मागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार नवदीक्षेचा काळ किमान १२ महिन्यांचा असतो आणि त्यात केव्हाही घरी परतण्याची मोकळीक असते. त्यानंतरची पहिली व्रते किमान ३ वर्षांसाठी असतात, आणि आजीवन व्रतांचा प्रश्न त्यापुढे येतो. या वाटेवरून परतलेल्या मुलीला ‘पाचारण गमावलेली’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण हा काळ शोध घेण्यासाठीच दिलेला असतो. तोवर नोकरी सोडू नका, एखाद्या मठात काही दिवस राहून पाहा, आणि कर्ज असेल तर ते फेडा, कारण फेडता न येणारे कर्ज डोक्यावर असलेल्या व्यक्तीला प्रवेश देता येत नाही.

आईला मात्र लवकर सांगा. निर्णय झाल्यावर सांगितलेत तर तिच्या वाट्याला केवळ निरोप येईल. आता सांगितलेत तर ती तुमच्या शोधात सहभागी होईल. ती रडली तर वाद घालू नका, तिच्याजवळ बसा.

प्रश्न : मी ४८ वर्षांचा, विवाहित आहे. तरुणपणी धर्मगुरू व्हावेसे वाटले होते. आता माझी वेळ टळली का?

उत्तर : प्रिय बंधू, पावित्र्याचे पाचारण प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीला आहे, असे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले, आणि आपला विवाह हे त्याच पाचारणाचे रूप आहे. याखेरीज सेवेची ओढ असेल तर स्थायी डीकनपदाचा, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीच्या दीक्षित सेवापदाचा, विचार करता येईल. ३५ वर्षे पूर्ण झालेल्या विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीने ही दीक्षा मिळू शकते. म्हणून धर्मगुरूंकडे जाण्यापूर्वी आपल्या पत्नीशी बोला.