परदेशात गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

जरूर करा, पण पैसे भरून दोन आठवडे अनाथालयात राहायचं पॅकेज मात्र घेऊ नका. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. देणग्या येत राहाव्यात म्हणून काही ठिकाणी मुलांना घरापासून तोडलं जातं. शिवाय दर पंधरवड्याला नवा दादा, नवी ताई. मुलाला लळा लागतो तोच ती निघून जातात. हे फार वाईट आहे.

त्यापेक्षा नर्सिंग, हिशेब, पाणीपुरवठा, जे नीट येतं ते द्या. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम बघा; १९७० मध्ये महासभेच्या ठरावाने तो स्थापन झाला. नोंदणी ऑनलाइन होते आणि निवड झाल्यास निर्वाहभत्ता मिळतो. दुसरी संस्था निवडलीत तर ती पोलिस पडताळणीचा दाखला मागते का बघा. मुलांजवळ जाणाऱ्यांची चौकशीच करत नसेल, तर तिथे जाऊ नका.