केसरबाईंच्या जुन्या रेकॉर्डींची सीडी घेतली, सगळं एकसारखंच वाटतंय, असं का?

तुम्ही लिहिलंय की शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या रेकॉर्डी एकत्र करून काढलेली सीडी घेतली, गाडीत दोनदा सलग ऐकली, प्रत्येक राग तीन मिनिटांत संपतो आणि सगळं एकसारखंच वाटतं, मग एवढं नाव का? मी कोल्हापूरचा, घरात आजोबांपासून गाणं आहे, आणि माझंही पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, सलग लावू नका. ही रेकॉर्डिंग १९३०च्या दशकातली, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीवरची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची, बस. आमच्या आजोबांच्याकडं चावीचा फोनो होता, चावी द्यायची, पिन बदलायची, एक बाजू ऐकायची, मग उठून तबकडी उलटायची किंवा तीच बाजू परत लावायची. म्हणजे आजोबा एका संध्याकाळी दोन नाहीतर तीन रेकॉर्डी ऐकायचे आणि एकेक बाजू चार-पाच वेळा. बाईंनी त्या गायल्या तेव्हा त्या अशाच ऐकल्या जाणार होत्या, एकामागनं एक पंधरा-वीस नाही. आपण सीडी लावली की एक संपली की दोन सेकंदात दुसरी सुरू, आधीच्या रागातनं कान बाहेर यायच्या आत दुसऱ्या रागाचा मुखडा (गाण्याची पहिली ओळ) येतोय. असं केलं तर कुणाचंही गाणं एकसारखंच लागणार हो.

आणि तीन मिनिटांत राग संपत नाही, तीन मिनिटांत त्या तो उभा करतात. मैफलीत पाऊण तास गाणाऱ्या बाईला सांगितलंय की तीन मिनिटं, तर त्यांनी काय काढलं आणि काय ठेवलं हे बघा. लांब आलाप नाही, पहिल्या काही सेकंदांतच बंदिश (रागात बांधलेलं गाणं) धरतात, 'आ'कारात तालाची दोन-तीन आवर्तनं, अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), आणि मग ताना, म्हणजे सुरांच्या जलद लडी. पण त्या ताना नुसत्या पळत नाहीत, प्रत्येक तान तबल्याच्या मात्रांशी गुंफलेली असते आणि वळणं घेत घेत बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन बसते. बाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, त्यांची गायकी ती हीच, सूर आणि लय वेगळी काढताच येत नाहीत. खाँसाहेब आमच्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई, त्यांचा पुतळा इथं कोल्हापुरात आहे. केसरबाई पण वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात येऊन काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या होत्या, पण खरी तालीम १९२१ पासनं, अल्लादियाखाँसाहेबांची, ती मुंबईला. म्हणजे या रेकॉर्डी झाल्या तेव्हा मागं दहा-पंधरा वर्षांची ती तालीम होती आणि बाई चाळिशीत, आवाज पूर्ण भरात. ते लक्षात ठेवून ऐका.

तुमच्या सीडीत नटकामोद असेल तर त्याच्यापासनं सुरुवात करा. हा जोडराग, नावातच दोन राग आहेत. नटाची चाल म्हणजे सा रे, रे ग, ग म अशी पायरी पायरीनं चढणारी, आणि कामोद म्हटलं की म रे प, रिषभावरनं थेट पंचमावर झेप. दोन्ही स्वभाव वेगळे, आणि ते एकाच मुखड्यात असे मिसळायचे की सांधा दिसता कामा नये, ते पण सव्वातीन मिनिटांत. मी कॉलेजात असताना हे पन्नास वेळा ऐकलं असेल, पहिल्या दहा वेळेला काहीच कळलं नाही, नुसता आवाज आवडला. नंतर एकदा हाताने तीनताल धरून ऐकलं, सोळा मात्रा मोजत, आणि बाई समेच्या आधी कुठनं वळतायत ते एकदम दिसलं. त्या दिवसापासनं ही गायिका माझी झाली, दुसऱ्या शब्दात मला सांगताच येत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी जास्त महत्त्वाची आणि फार कुणी सांगत नाही. तुमची सीडी बरोबर वेगाने भरलीय का ते तपासा. माझ्याकडं एक आहे (कंपनीचं नाव घेत नाही), त्यात एक राग ३ मिनिटं १० सेकंदांचा. राजारामपुरीत एक रिटायर्ड काका आहेत त्यांच्याकडं तीच मूळ रेकॉर्ड आहे, ती ऐकायला गेलो तर ३ मिनिटं २० सेकंद भरली! काकांकडं वेग तपासायची पट्ट्यांची चकती आहे, फिरत्या रेकॉर्डवर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायचं, पट्टे स्थिर दिसले की वेग ७८. ते स्थिर होते. म्हणजे माझी सीडीच पाच टक्के जोरात पळत होती. पाच टक्के म्हणजे जवळजवळ एक पट्टी वर, पेटीवर काळी एकचं गाणं पांढरी दोनला गेलं. बाईंचा तो भरदार, खर्जाचा आवाज बारीक आणि घाईचा वाटायला लागतो, ताना तर नुसत्या भरभर. मी वर्षानुवर्षं तेच ऐकून मत बनवत होतो याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि खरखर. काही संग्रहांत खरखर इतकी पुसलीय की त्याबरोबर तंबोऱ्याची आणि सारंगीची हवा पण गेलीय, आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा. थोडी खरखर असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळं या रेकॉर्डी आता कुणीही काढू शकतं आणि म्हणून एकाच मालाच्या पाच-सहा प्रती फिरतायत, चांगल्या वाईट सगळ्या. ज्याच्या आत मूळ रेकॉर्डचा नंबर आणि साल दिलंय त्याने काम मनापासनं केलंय असं समजायला हरकत नाही.

तुम्ही व्हॉयेजर या अंतराळयानाचं पण विचारलंय. हो, १९७७ साली नासाने यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', तीही साडेतीन मिनिटांचीच. व्हॉयेजर १ गेलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. आणि त्या रेकॉर्डच्या कव्हरवर ती किती वेगाने फिरवायची हे खुणांनी कोरलंय, मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे ज्याला आपली भाषा येत नाही त्यालाही गाणं बरोबर पट्टीत ऐकू यावं. ही काळजी बघून मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

तर सीडी टाकून देऊ नका. आधी एखाद्या पेटीवाल्याला किंवा जुनी रेकॉर्ड असलेल्या माणसाला गाठून वेग तपासून घ्या, जास्त असेल तर कॉम्प्युटरवर पाच टक्के कमी करता येतो, अवघड नाही. मग रात्री जेवणानंतर नटकामोद एकटाच लावा, संपला की परत तोच, हाताने ताल धरून. तोडी आणि ललित सकाळसाठी ठेवा. आठवडाभराने काय वाटलं ते इथंच लिहा, मी वाट बघतोय.