रेसिंगच्या ब्रेकचं वेड आणि बारावीनंतरचा प्रवेश

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. रेसच्या गाड्यांच्या ब्रेक डिस्क का तडकतात, यावर तो तासन्‌तास बोलतो. बारावीनंतर त्याला एका खासगी संस्थेचा मोटरस्पोर्टचा महागडा कोर्स करायचाय. पाठवावं का? – एक वडील

उत्तर : आत्ता नको. पण त्याचा नाद मोडूही नका.

त्याला एक गणित घाला. १२०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून १०० वर आणली, की तिची पाऊण गतिज ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. जवळजवळ १४ लाख ज्यूल. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला त्यातली ३५ टक्के आली आणि ती डिस्क १० किलो बिडाची असली, तर ब्रेकच्या एका दाबात ती साधारण १०० अंशांनी तापते. निवते न निवते तोच पुढचं वळण! हे सोडवायला तो आपणहून वही घेऊन बसला, तर आवड खरी. नुसतेच व्हिडिओ बघत असेल, तर थोडं थांबा.

तडकण्याचं मूळ याच तापण्या-निवण्यात आहे. पृष्ठभागावर आधी केसासारख्या बारीक भेगा येतात. भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये त्या बहुधा भोकाच्या कडेपासून सुरू होतात, म्हणून ट्रॅकवर खाचांच्या डिस्कना पसंती असते. (भोकांची डिस्क दिसते मात्र झकास.) बिडाची कडी अॅल्युमिनियमच्या मधल्या भागावर किंचित सैल बसवतात, तापून फुगायला जागा मिळावी म्हणून. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्कची तऱ्हा उलटी: गार असताना त्या नीट पकडतच नाहीत.

आता बघा, यात उष्णता आहे, धातू आहे, ओतकाम आहे. हे सगळं मेकॅनिकल किंवा मेटलर्जीत शिकवतात. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पवईची आयआयटी, पुण्याचं सीओईपी डोळ्यांसमोर ठेवा. तिथवर मार्क पोचले नाहीत, तर विद्यार्थ्यांची रेसिंग टीम असलेलं दुसरं कॉलेज शोधा. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेसाठी मुलं स्वतः गाडी बांधतात. डिस्कचं डिझाइन तिथे हाताखालून जातं.

आपल्याकडे निव्वळ रेसिंगमधल्या नोकऱ्या मोजक्याच. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला लागतो. चाकणचे कारखाने, कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेतच. पदवीनंतरही रेसिंगच हवं असेल, तर खुशाल जाऊ द्या.

त्या संस्थेने जागा अडवायला आगाऊ पैसे मागितले असतील, तर सीईटीचा निकाल लागेपर्यंत एक रुपयाही भरू नका.